गाईला सोट, कुत्रीला रक्त, मांजरीला काहीच नाही

आमची मांजर सुकटी आंब्याच्या रिकाम्या पेटीत झोपते. आधी पेटीत पेंढा होता, पण दसऱ्याच्या सुमारास त्यात पिसवा झाल्या म्हणून मी पेंढा काढून सासऱ्यांचा जुना पांढरा पंचा घातला, आणि त्या पंच्यामुळेच सगळं कळलं. सकाळी पंचा झटकायला घेतला तर त्यावर चिंचोक्याएवढा एक डाग, पिवळट हिरवट, वाळून कडक झालेला. बाजूला आणखी दोन, फिकट. पेंढाच असता तर मला आयुष्यात दिसला नसता, कारण मांजर स्वतःचं अंग इतकं चाटून साफ ठेवतं की बाहेर आलेलं काही आपल्या नजरेला पडायच्या आत पोटात गेलेलं असतं.

मग आठवायला लागलं की दोन-तीन दिवस ही चाटतेय जरा जास्तच. मांजर चाटतंच, त्यात काय, असं वाटलं होतं. पण हे वेगळं होतं, जेवता जेवता मध्येच थांबून मागचा पाय वर करून चपचप चपचप, झोपेतून उठून चपचप, रात्री पडवीत दिवा मालवला तरी तो आवाज चालूच. आणि खळ्याच्या कडेला लघवीला बसायची ती चार थेंब करून उठायची, दोन पावलं जाऊन परत बसायची. शेपटी उचलून बघितलं (हे करताना हातावर तीन ओरखडे, वेगळे सांगत नाही) तर तिथली कड लाल, सुजलेली, आणि केस एकमेकांना चिकटलेले.

शेजारच्या काकी गडग्यापलीकडून बघत होत्या. म्हणाल्या, "अगो, मांजार माजार इला असतला, ते बघ बोके बसलेत गडग्यार."

आणि बोके होते खरेच! एक पिवळा, एक कान फाटलेला काळा, दोघं चिऱ्याच्या गडग्यावर मुनिम बसल्यासारखे बसलेले. त्यामुळे आमच्या घरातही सगळ्यांचं एकमत झालं की हीटवर आलीय, आणि डाग म्हणजे तिची पाळी. सासूबाईंनी तर पुरावाच दिला, गाय माजावर आली की निरणातून सोट येतो, काचेसारखी तार लोंबते, कुत्रीला रक्त जातं, तशी मांजरीलाही कायतरी असणारच ना.

इथेच सगळे फसतात आणि मीही फसले. गाईला सोट येतो बरोबर, कुत्रीला रक्त जातं तेही बरोबर, पण मांजरीला माजावर असताना डोळ्याला दिसेल असं काहीही येत नाही. तिचं सगळं आवाजात आणि अंगविक्षेपात असतं, रात्रभर लहान मूल रडल्यासारखं ओरडणार, जमिनीवर गडाबडा लोळणार, पाठीवर हात फिरवला की मागचा भाग वर, शेपटी एका बाजूला आणि मागच्या पायांनी जागच्या जागी मळणी. साधारण आठवडाभर चालतं, बोका नाही मिळाला तर दोन-तीन आठवड्यांनी परत. पाळी तर तिला नसतेच. म्हणजे मांजरीच्या तिथून पू, रक्त, चिकट पाणी, काहीही दिसलं की ते हीट नाही, आजार आहे असंच धरून चालायचं. अपवाद एकच, नुकतीच व्यायलेली मांजर. तिला थोडं लालसर तपकिरी जातं, दिवसेंदिवस कमी होत दोन-तीन आठवड्यांत थांबतं, पण त्यालाही घाण वास आला किंवा ती पिल्लांना पाजेना झाली, अंग तापलं, तर तेही साधं नव्हे.

आमची सुकटी ओरडतही नव्हती आणि लोळतही नव्हती. मग बोके का आले? ते मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं, तिथे सूज असली, स्राव असला की त्याच्या वासानेही बोके येऊन बसतात. म्हणजे बोके दिसले की हीट हा हिशोबही चुकीचा.

आता डॉक्टरांना फोन करायचा तर त्यातही गंमत. नवऱ्याने फोन लावला आणि "तिच्या... मागच्या बाजूला जरा..." करत राहिला, पलीकडचे विचारतायत जुलाब आहेत का, हा म्हणतोय नाही, थोडं पुढे. शेवटी मी फोन ओढून घेतला. गाईच्या बाबतीत हेच लोक चारचौघांत मायांग बाहेर आलं इथपासून सगळं मोठ्याने बोलतात, मांजरीचं आलं की लाजतात, का ते मला अजून कळलेलं नाही.

पहिल्यांदा जिथे नेलं तिथे शेपटी उचलूनसुद्धा न बघता एक इंजेक्शन टोचलं आणि आणखी दोन दिवस येऊन टोचून घ्या म्हणाले. नावगाव सांगत नाही, समोर तीन म्हशींची माणसं उभी होती, आमचं मांजर कोण बघणार. पण फरक पडला हो! तिसऱ्या दिवशी चाटणं कमी, डाग नाही, मी काकींना सांगूनही आले की बरी झाली म्हणून. आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पंच्यावर परत डाग, या वेळी रक्ताची रेघ असलेला. औषध चालू असेपर्यंत बरं आणि बंद केलं की पुन्हा तेच, असं झालं तर मुळाशी काहीतरी बसलेलं आहे असं समजायचं, हे शहाणपण मला तेव्हा नव्हतं.

मधल्या काळात घरगुती सल्ल्यांची तर जत्राच. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं ते जंतुनाशक घालून धू म्हणे. नको, मांजराला ते विषारी आहे, ती चाटणार, तोंड आणि जीभ भाजणार, पोटात जाणार. हळद-खोबरेल लाव, तेही चाटणार, शिवाय आतल्या सुजेपर्यंत ते पोचतच नाही. कुणीतरी म्हणालं अंग गरम आहे तर तापाची अर्धी गोळी दे. हे मात्र वाचणाऱ्यांनी डोक्यात कोरून ठेवा, पॅरासिटामॉल मांजराला द्यायचंच नाही, अर्धी नाही, पाव नाही. माणसाचं लिव्हर ते पचवून बाहेर काढतं, मांजराच्या लिव्हरला ते जमत नाही, रक्तच बिघडतं, हिरड्या मातकट होतात, चेहरा सुजतो, श्वास लागतो. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीने मांजर मरू शकतं. आपल्या अंगदुखीच्या, पाळीच्या दुखण्याच्या गोळ्याही तशाच, नकोत.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र सरळ सांगितलं की आमचं सगळं गुरांचं आहे, सोनोग्राफी लागेल, घाटावर न्या. (त्यांनी तापही बघितला, १०३ होता. मांजराचं नॉर्मल साधारण १००.५ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हाताला मांजर गरम लागणारच, त्यावरून ताप ठरवू नका.) तेव्हा गावच्या जत्रेचे दिवस, रात्री दशावतार, एक ड्रायव्हर जागा मिळेल तर शपथ. दोन दिवसांनी गाडी मिळाली, प्लास्टिकचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून सुंभाने बांधले आणि आत पंचा घालून सुकटीला गगनबावड्याच्या घाटातून कोल्हापूरला नेलं. घाटात तिने उलटी केली, मग मी केली.

तिथल्या डॉक्टर बाईंनी हात लावायच्या आधी दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. पिल्लं बंद करायचं ऑपरेशन झालंय का, शेवटची हीट कधी, पाणी किती पिते, स्राव कसला, वास येतो का, फिरते कुठे. मला सगळ्याची उत्तरं येत नव्हती, तेव्हा सांगते, जायच्या आधी हे एका कागदावर लिहून न्या, आणि डागाचा मोबाईलवर फोटो काढा, कारण गाडीत बसल्यावर मांजर सगळं चाटून स्वच्छ करून टाकतं आणि तिथे दाखवायला काहीच उरत नाही.

मग सोनोग्राफी, गर्भाशयात पू नाही ना बघायला. गर्भाशय ठीक निघालं. लघवी त्यांनी सुईने थेट पोटातून मूत्राशयातनं काढली, मला बघवेना, पण कारण पटलं, नेहमीच्या वाटेने आलेली लघवी त्या पुवातूनच येणार, मग दोष लघवीत आहे की वाटेत हे कळणार कसं. कापसाच्या काडीवर स्राव घेऊन एक स्लाइड केली, एक काडी कल्चरला, म्हणजे कुठले जंतू आहेत आणि त्यांना कुठलं औषध लागू पडतं ते बघायला. आणि मग गुंगीचं इंजेक्शन देऊन, कान तपासायची ती दिव्याची नळी असते ना, तीच बारीक नळी वापरून आत बघितलं. दोन मिनिटांनी चिमट्यात काहीतरी धरून मला हाक मारली.

कुसळ! आमच्या सड्यावरचं कुसळ.

ज्यांना कोकणातला सडा माहीत नाही त्यांच्यासाठी, पाऊस संपला की कातळावरचं गवत वाळतं आणि त्यात कुसळी गवत असतं, टोक सुईसारखं, टोकाला उलटे केस, मागे पीळ पडलेली लांब शेपटी. ओल लागली की तो पीळ उलगडतो आणि कुसळ गरागरा फिरत आत शिरतं, बी जमिनीत रुजायची सोय आहे ती. साडीच्या काठात, मोज्यात घुसलेलं असतं ते सगळ्यांनी काढलंय. उलट्या केसांमुळे ते पुढेच जातं, मागे येत नाही. सुकटी रोज संध्याकाळी सड्यावर उंदरांमागे जाते, कधीतरी बसली असेल. चिमट्यातलं ते टोक बोटाच्या पेराएवढंही नव्हतं, काळपट, पुवाने माखलेलं. पंधरा-सोळा दिवस हिने हे घेऊन उड्या मारल्या.

डॉक्टर म्हणाल्या, योनीमार्गाची सूज, त्यांच्या भाषेत व्हजायनायटिस, मांजरीत कुत्रीपेक्षा कमी दिसते, आणि दिसली तर बहुतेक वेळा त्यामागे दुसरं काहीतरी असतं. लघवीचं इन्फेक्शन, असं काही अडकलेलं, जन्मापासून त्या जागेची ठेवण वेडीवाकडी, मार, म्हाताऱ्या मांजरीत गाठ. ऑपरेशन झालेल्या मांजरीलाही स्राव आला तर अंडाशयाचा तुकडा आत राहिलाय का किंवा गर्भाशयाच्या उरलेल्या टोकाशी पू झालाय का ते बघावं लागतं. म्हणून नुसतं अँटिबायोटिक देत बसण्यात अर्थ नसतो. आणि सगळ्यात आधी ज्याला नाही म्हणायचं असतं ते पायोमेट्रा, गर्भाशयात पू भरणं, कारण तिथे दिवस नाही, तास मोजायचे असतात.

त्यांनी त्याची लक्षणं सांगितली आणि मला तिथेच खुर्चीवर आमची मनी आठवली. सहा-सात वर्षं झाली. हीट होऊन गेल्यावर महिन्याभराने मनीचं पोट मोठं दिसायला लागलं, आम्ही सगळे खूश, पिल्लं होणार. खायची नाही, डोहाळे म्हटलं. न्हाणीतल्या घंगाळाच्या काठावर उभी राहून सारखी पाणी प्यायची, उकाडा म्हटलं. खालून एक थेंब बाहेर आला नव्हता. उलट्या सुरू झाल्या त्या रात्री ती पाणचुलीमागे जाऊन बसली आणि सकाळी गेली. मी डॉक्टरांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, न बघता नक्की म्हणता येणार नाही, पण ऐकून तरी पायोमेट्राच वाटतोय, गर्भाशयाचं तोंड बंद राहिलं की पू बाहेर येत नाही, आतच साठतो, वरून दिसायला गाभण. तोंड उघडं असेल तर निदान स्राव दिसतो, माणसं धावतात. दोन्हीला साधारणपणे उपाय एकच, सलाईन लावून मांजर सावरायचं आणि लवकरात लवकर ऑपरेशन करून गर्भाशय काढायचं. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, पाणी पीत होती गो खूप.

तर सुकटी. कुसळ निघालं, आत सलाईनने धुतलं (हे डॉक्टरांनी, आपण घरी पिचकारी मारायची नाही), कल्चरच्या रिपोर्टप्रमाणे दहा दिवसांचं अँटिबायोटिक. नाव मुद्दाम लिहीत नाही, कुणीतरी मेडिकलमधून आणून देईल. फरक दुसऱ्या दिवशीच पडला तरी दहाच्या दहा दिवस द्यायचं होतं. चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर, तो आणलेला तिने रात्रीत फाडला, मग नवऱ्याने सासऱ्यांच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेचा कॉलर करून दिला, तो टिकला. गुडघा गळ्यात घालून मांजर घरभर हिंडत होतं.

गोळीचं रामायण वेगळंच. बांगड्यात कोंबून दिली तर काट्यासकट बांगडा संपला आणि बशीत गोळी एकटी, चाटून पुसून ठेवल्यासारखी. तारलीत दिली, तेच. चौथ्या दिवशी काकींनीच युक्ती सांगितली, गाबोळीत दे, आणि ती गाबोळीत गेली ती शेवटपर्यंत. त्यामुळे माजाबद्दलचं त्यांचं मी माफ केलंय.

सगळा खर्च गाडीसकट धरला तर हापूसच्या चार-पाच पेट्या गेल्या. तेवढ्यात घाटावरचं ऑपरेशनही झालं असतं, जे मी वर्षभर "बघू" म्हणत टाळत होते. मधे एकदा कुणी म्हणालं होतं हीट थांबवायचं इंजेक्शन मिळतं, स्वस्त पडतं. विचारलं तर डॉक्टरांनी हात जोडले, त्या हार्मोनने गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनाच्या गाठींचा धोका वाढतो म्हणाल्या. मग सूज पूर्ण उतरल्यावर, मोहोराच्या फवारण्या सुरू व्हायच्या आत, पुन्हा तोच क्रेट, तेच सुंभ, तोच घाट, आणि सुकटीचं ऑपरेशन करून आणलं. पोटावरची पट्टी ती दोन दिवस हुंगत होती.

पंचा मी अजून पांढराच घालते. सड्यावर जाणं काही थांबवता येत नाही, पण कुसळं वाळायच्या दिवसांत संध्याकाळी आली की तिला मांडीवर उताणी घेऊन पंजे, काख, शेपटीखाली बघते, ती गुरगुरते. ऑपरेशननंतरही आठवडाभर पिवळा बोका गडग्यावर येऊन बसत होता, मग त्यालाही काय ते कळलं असावं, आता काकींच्या पडवीत असतो.