पेशवाईतला अडकित्ता

रविवार, रात्री साडेदहा

इस्त्री करता करता आज परत 'अँटिक्स रोडशो' बघितला. पाच शर्ट झाले, सहाव्याची बाही तशीच राहिली, कारण एक आजोबा चहाच्या किटलीचं झाकण घेऊन आले होते. किटली नव्हतीच, नुसतं झाकण.

इंग्लंडात आल्यापासून रविवार संध्याकाळ म्हणजे हा कार्यक्रम. १९७७ साली हेरफर्डच्या टाउन हॉलमध्ये पहिलं चित्रीकरण झालं, १९७९ पासून बीबीसी दाखवतेय, आणि अजून तेच चाललंय. आज या गावची हवेली, पुढच्या वेळी भलत्याच गावची बाग. लोक चादरीत गुंडाळून, बाळाच्या ढकलगाडीत घालून घरातली चीजवस्तू आणतात. जाणकार ती उलटीपालटी करतो, कुठली, कधीची ते सांगतो आणि अगदी शेवटी किंमत. आम्ही दोघं किमतीवर पैज लावतो, हरेल त्याने चहा करायचा. आकडा ऐकून माणूस आधी गप्प होतो, मग म्हणतो, "विकणार नाहीच म्हणा." हे ते लोक इतक्या शांतपणे म्हणतात की मला दर वेळी हसू येतं.

अमेरिकेतही १९९७ पासून याच नावाने निघतो. तिथल्या दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. २००१ मध्ये टूसॉनला एक गृहस्थ नावाहो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची विणलेली घोंगडी घेऊन आले. घरी खुर्चीच्या पाठीवर टाकलेली असायची. किंमत निघाली ३.५ ते ५ लाख डॉलर, आणि त्या माणसाला पुढे बोलवेना. दुसरी गोष्ट एका मातीच्या मडक्याची. अंगावर वेडेवाकडे चेहरे. जाणकाराने ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं ठरवून ३० ते ५० हजार डॉलर सांगितले. कार्यक्रम लागल्यावर कळलं की ते १९७० च्या दशकात ओरेगनमधल्या एका मुलीने शाळेत असताना केलं होतं! किंमत खाली आली, ३ ते ५ हजारांवर. मडकं तेच, चेहरे तेच.

एकदा मात्र किंमत सांगितलीच नाही. २०२४ मध्ये इथल्या कार्यक्रमातले जाणकार रॉनी आर्चर-मॉर्गन यांच्यापुढे हस्तिदंताची एक चकती आली, अठराव्या शतकातल्या आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापारातली. त्यांनी तिचा सगळा इतिहास सांगितला आणि आकडा द्यायला सरळ नकार दिला. त्या दिवशी आमची पैज मोडली. चहा मीच केला.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच. मागच्या उन्हाळ्यात चित्रीकरण जवळच होतं, म्हणून आजीचा अडकित्ता घेऊन मीही गेले होते. पितळी मुठी, लोखंडी पातं, वर पोपट, त्याची चोच जरा चेपलेली. आमच्याकडे तो 'पेशवाईतला' म्हणूनच ओळखला जातो. रांग हिरवळीवरून वळणं घेत गेलेली. पुढे एक बाई घड्याळ कुशीत धरून, मागे एकाच्या हातात पेंढा भरलेला कोल्हा. तासभर उभी राहिल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे अडकित्ता खरंच पेशवाईतला निघाला तर मी स्मगलर, आणि नाही निघाला तर आजी खोटी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि मी ती उघडायला दोन बसेस बदलून आले होते. परत फिरावंसं वाटलं, पण मागे कोल्हा होता.

टेबलावरच्या गृहस्थांनी अडकित्ता हातात घेतला, दोनदा उघडला, मिटला. भिंग लावून पोपटाच्या पिसांच्या रेघा बघितल्या. सगळ्या सारख्या खोल, म्हणाले. मग मुठी जुळतात तिथला खिळा दाखवला, तो बराच अलीकडचा. "१९३० च्या पुढचा असावा. छान आहे. ४० ते ६० पौंड." कॅमेऱ्यापुढे न्यायच्या वस्तूची किंमत आधी सांगत नाहीत, मला जागेवरच सांगितली, तेव्हाच काय ते समजले. मग त्यांनी विचारलं, याने सुपारी कशी कातरतात? पर्समध्ये सुपारी नव्हती. हवेतच कातरून दाखवली. त्यांनीही करून बघितलं आणि अंगठा थोडक्यात वाचला.

सुटले असं वाटलं खरं, पण बसमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरूनच बसले होते.

घरी हे सांगायला वर्ष लागलं. आज सकाळी साताऱ्याला आत्याशी बोलता बोलता तोंडातून निघूनच गेलं. मला वाटलं, आता रडेल किंवा चिडेल. आत्या पलीकडे निवांत काहीतरी निवडत होती, ताटाचा आवाज येत होता.

"अगं, हा पोपटाचा ना? हा आईने जत्रेत घेतलेला. पेशवाईतला मोराचा, तो धाकट्या काकांकडे आहे."

मोराचा अडकित्ता मी जन्मात पाहिलेला नाही.