येळवशीनंतरचा रविवार

आमच्या वाचक मंडळाचा मेळावा येळवशीनंतरच्या पहिल्या रविवारी असतो. हा दिवस कुणी काढला ते आता कुणालाच आठवत नाही. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, त्या दिवशी लातूर-धाराशिवकडची गावंच्या गावं शेतात असतात. कडब्याची कोप, तिच्यात पाच पांडव म्हणून पुजलेले दगड, भज्जी, उंडे, माठभर आंबील. पुण्या-मुंबईला गेलेली पोरंही तेवढ्यासाठी येतात. आलीच आहेत तर रविवारी थांबतील आणि वाचलेल्या पुस्तकावर दोन शब्द बोलतील, असा आमचा हिशेब. तो दरसाल चुकतो. पोरं आंबील पिऊन त्याच रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं परत.

गेल्या साली पत्रिका वाटल्या दोनशे आणि माणसं आली एकेचाळीस. त्यातली सहा तर जेवणाच्या वेळेलाच उगवली. मी कार्यवाह आहे आणि हजेरीची वही माझ्याकडं असते, म्हणून बोलतो. २०२२ च्या एप्रिलात उदगीरला ९५ वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा ह्याच तालुक्यातून जीपा भरभरून गेल्या. एवढ्या उन्हात! ग्रंथदिंडीतले फोटो मला दोन महिने मोबाईलवर येत होते. त्यातल्या निम्म्यांचं घर आमच्या हॉलपासून चालत पाच मिनिटांवर आहे. असो. वहीत एक रकाना आहे, 'सध्या वाचत असलेलं पुस्तक'. एका सभासदानं सलग तीन वर्षं तिथं 'चालू आहे' एवढंच लिहिलंय.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, अहवालवाचन ह्यांत कुणाला घोळवत नाही. अहवाल मीच लिहितो, मीच वाचतो आणि कंटाळाही मलाच येतो. पाहुणे 'वाचाल तर वाचाल' म्हणतात आणि पुढचा कार्यक्रम आहे म्हणून निघतात. मेळावा खरा सुरू होतो तो त्यांची गाडी वळल्यावर.

दुपारच्या बैठकीचा नियम आमच्या पहिल्या अध्यक्षांनी, गुरुजींनी, घालून दिलेला. वर्षभरात वाचलेली एकच कादंबरी घ्यायची, नाहीतर एकच आत्मकथन. सात मिनिटं. हातात कागद नको. गोष्ट सांगत बसायचं नाही. 'पुस्तकात काय झालं ते आम्ही वाचू, तुमचं काय झालं ते सांगा,' असं ते म्हणायचे. सात मिनिटं झाली की घंटा. ही पितळी घंटा शाळेत इलेक्ट्रिक बेल आल्यावर अडगळीत पडली होती, तिथून आणलेली.

आता सगळेच नियम पाळतात असं नाही. काही जण मोबाईलवरून उतरवून आणतात, ते पहिल्याच वाक्याला कळतं. एका दुपारी मी 'वास्तवाचं विदारक चित्रण' हे शब्द अकरा वेळा मोजले. पण दरसाल एखादं तरी माणूस असं उभं राहतं की माझं चहाकडं, माइककडं लक्षच राहत नाही. मी खताबियाण्याचं दुकान चालवतो, दिवसभर गोण्यांचा हिशेब करतो. तरी हे लोढणं इतकी वर्षं गळ्यात का ठेवलंय, असं घरातून विचारतात. त्याचं उत्तर ह्या दोन-चार माणसांत आहे.

एक निवृत्त अंगणवाडीच्या बाई. त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घेतली. नव्वद वर्षांपूर्वीचं पुस्तक, म्हटलं, बाई आता कौतुकाचं पारायण करणार. तर त्या लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडावरून थेट स्वतःच्या सासूबाईंवर आल्या. सासूबाई दळणाच्या डब्याला कुणाचा पदर लागला तर पीठ गुरांना घालायच्या. हॉल हसून हसून लोळला. मग बाई म्हणाल्या, 'ही लक्ष्मीबाई रडायच्या जागेला हसती. मला हे तरुणपणी जमलं असतं तर माझ्या निम्म्या गोळ्या वाचल्या असत्या.' आणि घंटा व्हायच्या आत बसल्या.

माझं स्वतःचं एक मत इथंच घुसडतो. गेल्या दोन वर्षांत मला नऊ आत्मचरित्रं 'सप्रेम भेट' आली. सगळ्यांत लेखक गरिबीत जन्मतो, कंदिलाखाली शिकतो आणि पन्नासाव्या पानानंतर त्याचं आयुष्यात काही म्हणजे काही चुकत नाही. शेवटी गुळगुळीत कागदावर सत्काराचे फोटो. बाईंची सात मिनिटं ऐकली आणि ती नऊच्या नऊ पुस्तकं दुकानाच्या माळ्यावर टाकली. भेट देणाऱ्यांतले दोघे आमचे सभासद आहेत, तेव्हा हे बोलणं मला महागात पडणार.

सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कादंबरी विदर्भातली, पण आमच्याकडं ती घरचीच वाटते. शिकलेला एकनाथ, नोकरीला भरायला पैसे नाहीत, म्हणून शेतीत अडकलेला. तिच्यावर बोलायला डी.एड. झालेला एक पोरगा उठला. दर मृगाला माझ्याकडून सोयाबीनची बॅग उधारीवर नेतो, म्हणून मला वाटलं हा एकनाथचंच रडगाणं लावणार. तो म्हणाला, 'एकनाथला समदे बिचारा म्हणतेत. त्याच्या बायकोचं, अलकाचं, कुणीच बोलत न्हाई. माझ्या बायकूनं पुस्तक वाचलं आन् म्हणली, ही बाई वाईट न्हाई, हिला नोकरीवाला दावून शेतात आणलंय.' बायको शेवटच्या रांगेत बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. लोक हसले आणि मग हसायचे थांबले.

पण मी ज्याची आठवण दरवर्षी नव्या सभासदांना सांगतो, ते आमचे जमादार. पोलिसातून निवृत्त झालेले. सुनेला पुस्तकं आणून द्यायला यायचे आणि दाराशीच उभे राहायचे. एका वर्षी वहीत नाव लिहिलं आणि पुस्तकाच्या रकान्यात लिहिलं 'उचल्या'. मी जरा दचकलो.

जन्मानंच चोर ठरवलेल्या उचल्या जमातीतल्या लक्ष्मण गायकवाडांचं हे आत्मकथन १९८७ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला अकादमी मिळाली. लेखक लातूर तालुक्यातल्या धनेगावचे. त्यामुळं ह्यावर बोलणारे आम्हाला नवीन नव्हते. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि तो १९५२ ला रद्द झाला, हे आमच्या हॉलच्या भिंतींनाही पाठ आहे. जमादारांनी ह्यातलं काहीच काढलं नाही. दोन्ही हात मांडीला चिकटवून सावधानमध्ये उभे राहिले. पुस्तक समोर टेबलावर, कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेलं, खुणेला एस.टी.चं तिकीट.

'ह्या पुस्तकात रात्रीचं येऊन जे दार वाजवतेत, त्यातला मी एक हाय. ह्या गावचा नसंल, पण तसलाच. चोरी कुठंबी होऊ द्या, आम्ही आधी त्या वस्तीवर जायचो. बाहीरनं दार कसं वाजवायचं हे मला तीस वर्षं ठाऊक हुतं. आतनं ते कसं ऐकू येतं, हे आता वाचलं.' थोडं थांबले. 'एक पटलं न्हाई. पोलीस समदे एकसारखे दावलेत, असं वाटलं. मग पुन्यांदा वाचलं. पटलं.'

एवढं बोलून बसले. चार मिनिटंसुद्धा झाली नसतील. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. पुढच्या वर्षापासून घंटा त्यांच्याकडं दिली. शिस्तीचा माणूस, घड्याळ बघून वाजवील म्हणून.

तीच शिस्त पुढं मोडली. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला, त्यानंतरच्या मेळाव्यात. धरणात गाव गेलेला देवाप्पा मागं राहिलेल्या म्हशीला शोधत जातो, ती ही कादंबरी. बोलणारा शेतकरी किल्लारीजवळचा. १९९३ च्या ३० सप्टेंबरला गणपती बोळवून माणसं झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा तो नववीत होता. सुरुवातीला त्यानं कादंबरीला नावंच ठेवली. 'मधली पानं लांबलीत. डोंगर लई, झाडी लई. आमच्याकडं डोंगरच न्हाई, म्हणून मला कंटाळा आला असंल.' मग म्हणाला, 'ह्यांचं गाव पाण्यात गेलं. आमचं हाय तितंच हाय, बाभळीत. मी बी अधूनमधून जातो, काय हुडकायला ते ठाऊक न्हाई. त्या पहाटं बापानं आधी बैलाचं दावं सोडलं का आधी मला दगडातून काढलं, हे मायनं मरस्तोवर सांगितलं न्हाई.'

सात मिनिटं होऊन गेली. दहा झाली. मी जमादारांकडं बघितलं, ते घंटेच्या लोळीवर बोट ठेवून छताकडं बघत होते. सोळा मिनिटांनी तो आपणच थांबला. नंतर तक्रारी झाल्या की आमच्या वेळी बरोबर ठण्ण आणि त्याला मोकळीक. तक्रार रास्त आहे, मी ती अहवालात लिहिली नाही.

आता मदत करणाऱ्यांचं. नावं छापायची पद्धत आम्ही बंद केली. एके वर्षी एक नाव राहिलं आणि तो माणूस दोन वर्षं माझ्या दुकानासमोरून मान वळवून जायचा. म्हणून कामावरून सांगतो, ज्यानं त्यानं ओळखावं. पत्रिका उधारीवर छापणारे. मारुतीच्या देवळातून सतरंज्या आणून पुन्हा मोजून परत देणारे दोघे भाऊ. माइकवाला, आणि माइक बंद पडल्यावर ज्याला बोलवावा लागतो तो दुसरा माइकवाला. येळवस होऊन गेली तरी मेळाव्यासाठी पुन्हा तुरीचे-हरभऱ्याचे दाणे सोलून भज्जी करणाऱ्या गल्लीतल्या सात जणी (आठ, धाकट्या जावेला धरून). लातूरला जाऊन पाहुण्यांना आणणारा जीपवाला, जो पाहुण्यांपेक्षा जास्त वाचतो. फळ्यावर रांगोळीसारखं अक्षर काढणाऱ्या दहावीतल्या पोरी. एकदा ऐनवेळी हॉल मिळाला नाही, तेव्हा आडतीचा ओटा झाडून देणारे शेठ. आणि ओटा खरं तर ज्यांनी झाडला त्या हमालमामांच्या घरातल्या मावशी. हे वाचून दाखवल्यावर बायको म्हणाली, चहा राहिला. चहावाले मामा, दर वर्षी साठ कप सांगतो आणि शंभर होतात, पैसे साठांचेच घेतात.

येत्या मेळाव्यासाठी नावं यायला लागलीत. जमादारांनी दया पवारांचं 'बलुतं' लिहिलंय आणि समोर कंसात 'सात मिनिटांत बसणार नाही'. त्या दिवशी घंटा कुणाकडं द्यायची हे अजून ठरत नाही. मी तर घेणार नाही.