आषाढातली गिरनार वारी आणि तो वारा

जय गिरनारी! गुरुपौर्णिमेच्या गर्दीत जायचं धाडस होत नाही म्हणून आम्ही ती झाल्यावर गुजरातमधल्या गिरनार डोंगरावर दत्त महाराजांच्या दर्शनाला गेलो, आत्या, काका, मी आणि धाकटा भाऊ. सोमवारी पहाटे वर पोचायचं असं ठरवलेलं, कारण दत्त शिखराखालच्या कमंडलू कुंडाची धुनी, म्हणजे तिथला पवित्र अग्नी, सोमवारी प्रज्वलित होते आणि आत्याला ती बघायचीच होती.

डोंगराच्या पायथ्याशी, भवनाथ तळेटीला आलो तर रोपवे बंद, वाऱ्यामुळे. पावसाळ्यात हे होतंच. ऑक्टोबर 2020 मध्ये रोपवे सुरू झाल्यापासून पुष्कळ जण त्याच्याच भरवशावर येतात, पण तो सोडतो वाटेतल्या अंबाजीच्या देवळापाशी, म्हणजे दहा हजारातल्या निम्म्या पायऱ्या वाचतात आणि दत्त महाराजांच्या पादुकांपर्यंत निम्म्या उरतातच, शिवाय खरा उघडा डोंगर तिथूनच पुढे आहे.

भाड्याच्या काठ्या घेतल्या, पहिल्या पायरीला डोकं टेकवलं आणि रात्रीच चढायला लागलो. खाली झाडी आहे त्यामुळे वारा नुसता ऐकू येतो, अंगाला फारसा लागत नाही. जैन मंदिरांपर्यंत छान आलो. त्याच्या वर मात्र पाऊस आडवा यायला लागला, चष्मा पुसून उपयोग नाही, टॉर्च मारला तर समोर फक्त पांढरं धुकं आणि पुढच्या दोन पायऱ्या.

अंबाजीला काकांचा दम लागला. बीपीच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्या. ते स्वतःच म्हणाले, मी इथूनच महाराजांना नमस्कार करतो, तुम्ही जाऊन या. बाजूला उभे असलेले एक जण लगेच म्हणाले, मग वारी अर्धीच राहिली की! मला फार राग आला. एवढ्या वादळात सत्तरीचा माणूस पाच हजार पायऱ्या चढून आला आणि तुम्ही कसलं अर्धं-पूर्ण मोजताय? आत्या काही बोलली नाही, तिने काकांचा कोरडा शर्ट काढून दिला आणि त्यांच्या हातचं नारळ आपल्या पिशवीत ठेवलं.

अंबाजी ते गोरखनाथ हा पट्टा मी विसरणार नाही. गोरखनाथ म्हणजे गुजरातमधलं सगळ्यात उंच टोक, 1100 मीटरच्या वर, आणि तिथे अडवायला काहीच नाही. वारा एका बाजूने असा ढकलायचा की उचललेला पाय भलत्याच जागी पडायचा. रेनकोटात हवा शिरली की अजूनच वाईट. एक डोलीवाले दादा रिकामी डोली घेऊन उतरत होते, ते ओरडले, बेसी जाओ, बेसी जाओ! मग तसंच केलं, झोत आला की पायरीवर बसायचं, वाऱ्याकडे पाठ, काठी आडवी मांडीवर, आणि जोर ओसरला की उठून दहा-पंधरा पायऱ्या. आत्याचा दिगंबराचा गजर चालू होता पण तिचे शब्द मागे मला ऐकूच येत नव्हते, ओठ हलताना दिसायचे फक्त.

गोरखनाथवरून पुन्हा बरंच खाली उतरावं लागतं, ओल्या पायऱ्यांवर ते चढण्यापेक्षा अवघड गेलं, आणि मग दत्त शिखराचा शेवटचा खडा चढ. देवळात आत पाय ठेवला आणि कानातला तो घोंघावणारा आवाज एकदम बंद. गर्दी नव्हती, पुजारीबुवांनी घाई केली नाही. आत्याने आधी काकांचं नारळ दिलं, मग आपलं. मला मागायचं असं काही आठवलंच नाही, नुसतं रडू येत होतं.

खाली कमंडलू कुंडावर धुनीचं दर्शन झालं. पिंपळाची लाकडं रचतात आणि ती आपोआप पेटतात ही तिथली श्रद्धा. तिथे गरम प्रसाद मिळाला, भिजलेल्या बोटांना त्या गरम ताटाचं जे सुख वाटलं ते काय सांगू.

पावसाळ्यात जाणाऱ्यांनी छत्री नेऊच नका. अंगाला घट्ट बसणारा रेनकोट, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे कपडे आणि पकड असलेले बूट एवढं पाहिजेच. विजा चमकत असतील तर अंबाजीच्या पुढे जायचं नाही, आणि वरचे दुकानदार किंवा डोलीवाले थांबा म्हणाले तर थांबा, त्यांना तो डोंगर रोजचा आहे.