माडी नेमकी गेली कधी?

आमचा वाडा औसा तालुक्यातला, वाडा म्हणायचं आपलं, आता चिरेबंदी जोतं, ढाळज म्हणजे दाराजवळची ओसरी, आणि मागच्या दोन खोल्या राहिल्यात, वर पत्रे. पत्रे 1993 नंतरचे. 30 सप्टेंबरच्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची, म्हणजे सपाट छतावरची, माती अंगावर येऊनच लै माणसं गेली, मग आमच्याकडच्या लोकांनी भीतीनं माळवदं उतरवून टाकली. पण माडी त्याच्या आधीच गेलेली. ती 1948 ला निजामाच्या रझाकारांनी जाळली असं घरात सगळे सांगायचे, मुक्तिसंग्राम दिन आला की ही गोष्ट हमखास निघायची.

आधी कागदं बघितली. घर गावठाणात, म्हणून सातबारा नाही, ग्रामपंचायतीचा नमुना आठ मिळतो पण त्यात मालक, मोजमाप आणि कर, माडीचं त्यात काय कळणार. ट्रंकेत एक उर्दू खरेदीखत निघालं, ते गावातल्या चाचांकडून वाचून घेतलं, त्यावर 1344 फसली. फसली म्हणजे निजामाच्या राज्यातलं सन, त्यात 590 मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे 1934 च्या आसपासची खरेदी. बरं झालं, पण माडीचा प्रश्न तिथंच.

मग नातेवाइकांकडचे फोटो मागायला सुरुवात केली. कुणी द्यायला तयार नसतंय, म्हणून घरी जाऊन मोबाईलवरच काढायचो, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद, आणि चिकट अल्बममधला फोटो कधीच ओढून काढायचा नाही, पानासकट काढायचा. सुट्ट्या फोटोची मागची बाजू पण घ्या, खरा माल तिथं असतोय. एका चौकोनी फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का होता, लातूर, जि. उस्मानाबाद. लातूर जिल्हा ऑगस्ट 1982 ला झाला, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा. असे चौकोनी फोटो क्लिक थ्री कॅमेऱ्याचे असायचे, एकशेवीसच्या रोलवर बारा निघायचे.

फोटोत ढाळजेच्या पायरीवर माझे वडील, आठ-नऊ वर्षांचे, हाफ चड्डीत. मागं दाराच्या चौकटीवरचा गणपती, बाजूच्या दोन देवळ्या म्हणजे भिंतीतले कोनाडे, सगळं आजच्यासारखंच, आणि त्याच्यावर माडी, सागवानी खांबासकट शाबूत! वडलांचा जन्म 1955 चा. आता 1948 ला जळलेली माडी त्यांच्या डोक्यावर कशी काय?

फोटो घेऊन आत्याकडं गेलो. तिनं चष्मा लावून बघितला अन् हसायलीच. "जाळतंय कोण रे, बहात्तरच्या दुष्काळात तुझ्या आज्यानं लाकूड विकलं की. विहिरीला पाणी नव्हतं, आम्ही मिलो, ती लाल ज्वारी, खायलोत, अन् वर सागवान नुसतं उभं." तुळया, खांब, किलचन सगळं बैलगाडीनं गेलं, रात्रीच न्या म्हणून आजोबांनी गाडीवाल्याला बजावलं होतं म्हणे. मला वाटतंय लाज होती ती. विकली म्हणण्यापेक्षा जाळली सांगणं सोपं, अन् आसपास खरंच जाळपोळ झालेली असल्यानं कुणी उलट विचारलं पण नसणार.

काकांना फोटो दाखवला तर म्हणले हा आपला वाडाच नाही, दुसऱ्या कुणाचा तरी असेल. गणपती दाखवला, देवळ्या दाखवल्या. परवा पाहुणे आले तर परत रझाकारच सुरू.