भाचीला तिची स्वतःची वकील मिळाली : माझा अनुभव

माझ्या भाचीचे लग्न गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी, ऐन हळदीच्या दिवशी, ग्रामसेवक आणि पोलिसांनी येऊन थांबवले. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कोणी फोन केला, हे गावात आजही कोणी उघड सांगत नाही. लग्न थांबल्यानंतर त्या मुलीचे पुढे काय होते, अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीपुढची चौकशी कशी चालते आणि त्या चौकशीत मोफत कायदेशीर मदतीचा नेमका काय उपयोग होतो, याची मला स्वतःला शिक्षिका असूनही फारशी कल्पना नव्हती. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मात्र तिचे नाव, गाव, शाळा आणि जिल्हा यांपैकी काहीही येथे येणार नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख कोणत्याही माध्यमातून उघड करण्यास मनाई आहे, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि नातेवाईकही त्यातून सुटत नाहीत. गावातल्या एका व्हॉट्सॲप गटावर तिचा हळदीतला फोटो फिरत होता, तो काढून टाकायला हेच कलम उपयोगी पडले.

भाची तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि दहावीत शिकत होती. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, काही वर्षांपूर्वी आजाराने वारली. दाजी ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यावर जावे लागते आणि पुढचे पाच-सहा महिने कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, काढावे लागतात. वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, आणि बरोबर न्यावी तर फडावर तिची काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न आमच्याकडच्या घराघरांत दर हंगामाला असतो. त्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असा हिशेब असल्यामुळे मुलाकडच्यांनाही हंगामाआधी सून घरात आलेली हवी असते. दाजींनी केले ते चूकच होते, परंतु ते मुलीचे वैरी नव्हते, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट विसरून चालले नसते.

ज्या मुलीचे लग्न कायदेशीर वयाआधी लावले जाण्याचा धोका आहे आणि तो धोका घरच्यांकडूनच आहे, ती मुलगी कायद्याच्या व्याख्येनुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक ठरते. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत तिला समितीपुढे हजर करावे लागते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, पण खोली न्यायालयासारखी दिसत नाही. साधे टेबल, खुर्च्या, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रे. चौकशी पूर्ण होईपर्यंत भाचीला मुलींच्या बालगृहात ठेवण्याचा आदेश झाला. मी तिला माझ्या घरी नेण्यास तयार आहे, असे मी तोंडी सांगितले, ते ऐकून घेतले गेले आणि पुढची तारीख मिळाली.

बाहेर बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी मला सांगितले की इथे वकील लागत नाही, उगाच खर्चात पडू नका. यात तथ्य नाही असे नाही. समितीपुढे वादी-प्रतिवादी नसतात, उलटतपासणी होत नाही आणि बरीच प्रकरणे वकिलाशिवायच निकाली निघतात. पण कायद्याच्या कलम ३० मध्ये समितीच्या कामांची जी लांबलचक यादी आहे, तिच्या अगदी शेवटाकडे मुलांना योग्य कायदेशीर सेवा मिळवून देणे हेही एक काम नोंदवलेले आहे. यादीत इतक्या खाली असल्यामुळेच की काय, त्याची आठवण आपण करून द्यावी लागते.

मी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या क्रमांकावर आधी फोन केला होता, तिथूनच पत्ता आणि वेळ मिळाली. मी पगारदार असल्यामुळे मला मदत मिळणार नाही, असे गृहीत धरून मी आधीच खुलासा करू लागले, तेव्हा तिथल्या विधी स्वयंसेवक ताईंनी मला थांबवले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार महिला आणि बालक यांना उत्पन्नाची अट लागू होत नाही. त्यामुळे मी स्वतःच्या नावानेही अर्ज करू शकले असते. पण त्यांनी मला उलट विचारले, "मॅडम, वकील कोणासाठी हवा आहे, तुमच्यासाठी की मुलीसाठी?"

माझ्या डोक्यात हे दोन प्रश्न वेगळे नव्हतेच. मुलीचे हित मी पाहते आहे, तेव्हा माझा वकील तोच तिचा वकील, असे मला साहजिक वाटत होते. शेवटी अर्ज भाचीच्या नावाने करायचे ठरले. एका पानाचा छापील अर्ज होता, सोबत समितीपुढच्या प्रकरणाचा तपशील, ती बालगृहात असल्यामुळे तिथल्या अधीक्षकांमार्फत तिची सही, आणि बाकी काही नाही. प्राधिकरणाच्या सचिवांच्या सहीचे नियुक्तीपत्र निघाले आणि पॅनेलवरच्या एका वकीलताईंची नेमणूक झाली.

त्यांनी पहिल्याच भेटीत मला जे सांगितले, ते त्या वेळी मला झोंबले. "मी तुमची वकील नाही, मी तिची वकील आहे. उद्या तिने तुमच्याकडे यायचे नाही असे सांगितले, तर मला समितीला तेच सांगावे लागेल." वकीलताई बालगृहात जाऊन भाचीशी एकट्याच बोलल्या, आणि काय बोलणे झाले ते तिच्या परवानगीशिवाय त्यांनी मला कळू दिले नाही. बऱ्याच नंतर समजले की भाचीची भीती लग्नाइतकीच दुसऱ्या एका गोष्टीची होती: आपण तोंड उघडले तर वडिलांना तुरुंगात टाकतील, ही. ही भीती तिने मला कधीच बोलून दाखवली नसती, कारण दाजींवर मी किती चिडलेली आहे, हे तिला दिसत होते. लग्न होण्याआधीच थांबल्यामुळे गुन्हा नोंदवला गेलेला नाही, हे वकीलताईंनी तिला समजावून सांगितले, आणि त्यानंतरच ती समितीपुढे मोकळेपणाने बोलली. माझ्याकडे राहून दहावी करायची आहे, आणि वडिलांना भेटणे बंद व्हायला नको, अशा दोन्ही गोष्टी तिने सांगितल्या.

खरी अडचण वयाची होती. मुलाकडच्यांनी मुलगी अठरा वर्षांची असल्याचे दाखवणारे आधार कार्ड पुढे केले. त्यावरची जन्मतारीख कधीतरी बदलून घेतलेली होती, हे आम्हा सर्वांना कळत होते, पण कळणे आणि दाखवून देणे यांत फरक आहे. वकीलताईंनी बाल न्याय कायद्याचे कलम ९४ समितीपुढे ठेवले. वय ठरवताना आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र पाहायचे, ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम तिथे दिलेला आहे. त्यात आधार कुठेच नाही. पुढचे काम माझ्या ओळखीचे होते. भाचीच्या पहिल्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढला. त्या रजिस्टरमध्ये जन्मतारीख अंकात आणि त्याखाली अक्षरात लिहिलेली होती, पहिलीच्या प्रवेशाच्या वेळची शाई तशीच होती, कुठे खाडाखोड नव्हती, आणि पालकाच्या रकान्यात माझ्या बहिणीची सही होती. मुख्याध्यापकांनी सहीशिक्क्यानिशी उतारा दिला आणि वयाचा वाद तिथेच मिटला. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला आहे, हे वकीलताईंनी ओघात सांगितले. शिक्षकांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण असे उतारे मागायला येणारा माणूस बहुतेक वेळा घाईत असतो आणि आपण त्याला पुढच्या आठवड्यात यायला सांगतो.

दाजींनाही वकील मिळाला, तोही प्राधिकरणाचाच. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला ही मदत मिळते आणि दाजी त्यात सहज बसत होते. सरकारी खर्चाने त्यांच्या बाजूनेही वकील उभा राहणार, हे ऐकून मला बरे वाटले नाही. प्रत्यक्षात त्याचा उपयोग सर्वांत जास्त झाला. माझे बोलणे दाजींना मेहुणीचा उपदेश वाटत होता, नातेवाईक आगीत तेल ओतत होते, आणि बालविवाह लावल्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे त्यांना त्यांच्याच बाजूच्या माणसाने शांतपणे सांगितले तेव्हा पटले. मुलगी मावशीकडे राहिली म्हणून बापाचे नाते तुटत नाही, हेही त्याच वकिलांनी त्यांना सांगितले. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तिचे लग्न लावणार नाही, असे हमीपत्र दाजींनी स्वतःहून लिहून दिले.

सामाजिक तपासणी अहवालाला, म्हणजे घरची परिस्थिती पाहून समितीला द्यायच्या अहवालाला, मात्र वेळ लागला. नियमांत त्यासाठी नमुना २२ दिलेला आहे आणि तो पंधरा दिवसांत यावा अशी अपेक्षा आहे. मी दुसऱ्या जिल्ह्यात राहत असल्यामुळे माझ्या घराचा अहवाल तिथल्या बाल संरक्षण कक्षाकडून यायचा होता आणि पत्र मधेच कुठेतरी पडून राहिले होते. वकीलताईंनी समितीला लेखी अर्ज देऊन स्मरणपत्र पाठवायला लावले, चौकशी चार महिन्यांत पूर्ण व्हायला हवी याकडे लक्ष वेधले, आणि तोपर्यंत बालगृहात मला दर आठवड्याला भेटता यावे, तिची पुस्तके पोहोचावीत, हे आदेशात लिहून घेतले. त्याआधी भेटीचे सगळे तोंडीच चालले होते, आणि दारावरचा माणूस बदलला की नियम बदलत होता. प्रत्येक आदेशाची प्रमाणित प्रत मागून घ्यायची सवयही त्यांनीच लावली. समितीच्या आदेशावर बाल न्यायालयात अपील करता येते, पण त्याची मुदत आदेशाच्या तारखेपासून तीस दिवस असते, आणि हातात प्रतच नसेल तर आव्हान कशाला देणार?

शेवटच्या तारखेला वकीलताई काळा कोट बॅगेत घडी करून ठेवून आल्या होत्या. अहवाल वाचले गेले, भाचीला पुन्हा एकदा एकटीला आत बोलावून विचारले गेले, आणि माझी 'योग्य व्यक्ती', म्हणजे मूल सांभाळण्यास योग्य ठरलेली व्यक्ती, म्हणून नोंद करून तिला माझ्या ताब्यात देण्याचा आदेश झाला. बाल संरक्षण अधिकाऱ्यांनी ठरावीक काळाने घरी येऊन पाहणी करायची आणि हंगाम संपल्यावर दाजींनी तिला भेटायचे, हे त्यात आहे. शाळाबदलासाठी याच आदेशाची प्रत चालली. एकपालक मुलांसाठी महिना २,२५० रुपये देणाऱ्या बालसंगोपन योजनेचा अर्जही समितीने तेव्हाच करायला सांगितला.

या सगळ्यात आम्ही वकिलांना एक रुपयाही दिलेला नाही आणि देणे अपेक्षितही नसते. त्यांचे मानधन प्राधिकरण देते. कोणी मधल्या माणसाने चहापाण्याचे नाव काढलेच, तर सरळ प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करावी.

वकीलताईंचा क्रमांक भाचीने स्वतःच्या वहीत लिहून घेतला आहे. अलीकडे तिने मला न विचारता त्यांना फोन केला आणि अठरा पूर्ण झाले की समितीचा आदेश संपतो का, मग पुन्हा कोणी लग्नाची घाई केली तर काय, असे विचारले. त्यांनी तिला सांगितले की समितीचा अधिकार तेव्हा संपेल, पण सज्ञान मुलीचे लग्न तिच्या संमतीशिवाय कोणालाही लावता येत नाही, आणि बालक म्हणून मिळालेला मोफत वकिलाचा हक्क पुढे महिला म्हणून तिच्याकडे राहीलच, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागणार नाही.