काळी माती आणि कापलेली बाटली

जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला परिसर अभ्यास शिकवताना जाणवते की, यवतमाळकडच्या मुलांना मातीविषयी बरेच काही ठाऊक असते. फक्त त्यांना कोणी विचारत नाही. म्हणून पाण्याच्या दोन बाटल्या मधोमध कापल्या, वरच्या भागांच्या तोंडांना फडके बांधून ते उलटे ठेवले आणि एकात कपाशीच्या वावरातली बारीक केलेली काळी माती, तर दुसऱ्यात नाल्यातली रेती भरून दोन्हींत सारखेच पाणी ओतले. रेतीतून ते झरझर खाली आले. काळी माती मात्र फुगत गेली आणि खाली जेमतेम थेंब पडले. "मॅडम, म्हणूनच पावसात वावरात पाय फसते," एक मुलगी म्हणाली. चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी धरून फुगतात, वाळल्यावर आकसतात आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, हे सांगायला मग दोन वाक्ये पुरली.

शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने १९७२ पासून गावच्या शाळांतून हेच केले, तेही साध्या साहित्यावर. त्यामुळे प्रयोगशाळा नाही, ही सबब मला पटत नाही. खरी अडचण वेळेची आहे. माती भरेपर्यंतच निम्मी तासिका संपते, आणि चिखल आवरायचा तो वेगळाच.