जवारी, डग्गा आणि अडीच हजारांची मर्यादा : आयईएम निवडीची पाच महिन्यांची नोंद

मे, शेवटचा आठवडा

ही नोंदवही दोन अटींवर सुरू केली : एका आयईएमसाठी (इन-इअर मॉनिटर, म्हणजे थेट कानाच्या नळीत बसणारा इअरफोन) २,५०० रुपयांपेक्षा अधिक खर्च करायचा नाही, आणि हातातली जोडी किमान तीन आठवडे रोज ऐकल्याशिवाय पुढची मागवायची नाही. माझे ऐकणे मुख्यतः तीन प्रकारचे आहे. रात्री घरातील सगळे झोपल्यावर हलक्या आवाजात खयाल, रविवारी सकाळी ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेले जुने नाट्यसंगीत, आणि अधूनमधून ढोलकी-हलगीची लावणी. 'हलक्या आवाजात' हे शब्द मी तेव्हा सहज लिहून गेलो होतो. पुढे सगळा निर्णय त्यांच्याभोवतीच फिरला.

पहिली जोडी एका ओळखीच्या दुकानदाराच्या शिफारशीने आली. आवाज निर्माण करणारे दोन वेगवेगळ्या प्रकारचे भाग, एक डायनॅमिक ड्रायव्हर आणि एक बॅलन्स्ड आर्मेचर, अशी तिची रचना होती. ट्यूनिंग (कोणत्या पट्टीला किती उठाव द्यायचा याची जुळणी) आपण ज्याला व्ही आकाराचे म्हणतो तसे होते, म्हणजे बेस (खालची पट्टी) आणि ट्रेबल (वरची पट्टी) दोन्ही उचललेले आणि मधला भाग खाली बसवलेला. पहिले दोन दिवस ती मला फार आवडली, कारण लावणीतील झांजेचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येत होता. तिसऱ्या रात्री खयाल लावला, तंबोऱ्याकडे लक्ष दिले आणि उत्साह ओसरला. जवारीच्या, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांच्या त्या झंकाराच्या, जागी कानाशी डास गुणगुणावा तसा काहीसा आवाज येत होता, आणि गायकाचा आवाज मात्र शेजारच्या खोलीतून यावा तसा दबलेला होता.

तंबोरा ही या कामी फार उपयोगी परीक्षा आहे, हे मला त्या रात्री उमगले. काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेल्या तंबोऱ्याच्या जोडतारा सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. परंतु घोडीच्या किंचित वक्र पृष्ठभागावर तार घासत थरथरते आणि तिच्याखाली सरकवलेला दोरा त्या घासण्याची जागा नेमकी ठरवतो, त्यामुळे मूळ स्वराच्या वर स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणाऱ्या, स्वरांची लांबलचक माळ उभी राहते आणि ती काही हजार हर्ट्झपर्यंत पोचते. आपण ज्याला स्वयंभू गंधार म्हणतो तो खर्जाच्या तारेच्या पाचपट, म्हणजे सुमारे ३४७ हर्ट्झवर असतो. एकाच वाद्यात खर्जापासून ट्रेबलपर्यंतची एवढी मोठी पट्टी एकाच वेळी, सलग आणि जवळजवळ न बदलता वाजत असते. तिच्यात कुठे खड्डा वा उंचवटा असेल तर तो लपत नाही. वरचा भाग फुगलेला असेल तर जवारी झणझणते, खालचा फुगलेला असेल तर खर्जाची तार इतर तारांवर स्वार होते, आणि दोन ते चार हजार हर्ट्झचा पट्टा दबलेला असेल तर जवारी मुकी होऊन तंबोरा गिटारीसारखा वाटू लागतो. तेव्हापासून प्रत्येक नव्या जोडीवर पहिली पाच मिनिटे मी नुसता तंबोरा ऐकतो.

जून, दुसरा आठवडा

दुसरी जोडी सेव्हन हर्ट्झ या कंपनीची सॅल्नोट्स झीरो. दहा मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, ३२ ओहम इम्पीडन्स, टू-पिनची निघणारी केबल. २०२२ मध्ये बाजारात आल्यापासून स्वस्तात न्यूट्रल (कोणतीही पट्टी मुद्दाम न उचललेला) आवाज हवा असेल तर हिचे नाव हमखास घेतले जाते. तंबोरा चांगला लागला, परंतु डग्गा जवळजवळ गायब होता. दोन दिवस मी ट्यूनिंगला दोष देत राहिलो. तिसऱ्या दिवशी डावीकडचा आयईएम बोटाने किंचित आत दाबला आणि डग्गा परतला.

दोष टिप्सचा (कानात जाणाऱ्या मऊ टोप्यांचा) होता, किंवा खरे तर माझ्या कानांचा. माझा डावा कान उजव्यापेक्षा मोठा आहे आणि त्याला मोठी टिप लागते, ही गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर कळली. कानाची नळी पूर्ण बंद झाली नाही तर सर्वांत आधी बेस निसटतो, कारण लांब लहरींचा दाब त्या फटीतून सरळ बाहेर जातो. मग आपण जे ऐकतो ते त्या आयईएमचे ट्यूनिंग नसते, ते त्या फटीचे ट्यूनिंग असते. आता माझी पद्धत अशी आहे : ५० हर्ट्झचा स्वर लावायचा, तो दोन्ही कानांत सारखा आणि डोक्याच्या मध्यभागी येतो का ते पाहायचे, मग जबडा हलवायचा, काही चावल्यासारखे करायचे, आणि तरीही तो स्वर जागचा हलला नाही तरच त्या टिप्स कायम करायच्या. सोबत आलेल्या टिप्स बसल्या नाहीत तर दोन-तीनशे रुपयांच्या वेगळ्या सिलिकॉन टिप्स घेणे हा माझ्या मते या छंदातील सर्वांत फायदेशीर खर्च आहे. फोमच्या टिप्स कानात घट्ट बसतात आणि ट्रेबल जरा मऊ करतात, पण आपल्याकडच्या घामात त्या लवकर खराब होतात, म्हणून त्या मी बाजूला ठेवल्या.

याच आठवड्यात आलेखांविषयी एक गोष्ट पक्की केली. कोणता आयईएम कोणती पट्टी किती मोठी वाजवतो याचे आलेख दाखवणाऱ्या स्क्विगलिंक या संकेतस्थळावरच्या आलेखांपैकी बहुतेक आयईसी ६०३१८-४ प्रकारच्या कृत्रिम कानावर घेतलेले असतात. त्यांत आठ हजार हर्ट्झच्या आसपास दिसणारा सुळका पुष्कळदा त्या उपकरणाच्या नळीतील अनुनाद असतो आणि आयईएम किती आत बसवला त्यावर तो पुढेमागे सरकतो. माझ्या कानात तो सुळका दुसरीकडेच असणार. त्यामुळे आलेखातील सुमारे पाच हजारांपर्यंतचा भाग मी विश्वासाने वाचतो आणि पुढचा भाग कानावर सोपवतो. तीन हजारांजवळची टेकडी पाहून मात्र नवख्याने घाबरू नये; कानाच्या नळीचा नैसर्गिक अनुनाद तिथेच असतो आणि आयईएमने ती नळी बुजवल्यामुळे ती उंची ट्यूनिंगमधून परत द्यावी लागते. ती किती द्यायची, यावरच तर साऱ्या कंपन्यांचे मतभेद आहेत.

जुलै

महिनाभर सॅल्नोट्स झीरोच वापरली. दिवसा, मोठ्या आवाजात, ती मला जवळजवळ निर्दोष वाटते : स्त्रीगायिकेची काळी चारमधील आलापी स्वच्छ, तबल्याच्या चाटीचा 'ना' खणखणीत, शब्द स्पष्ट. रात्री मात्र तीच जोडी पातळ वाटते. पुरुषगायकाच्या खर्जातील काम हाडकुळे होते आणि डग्ग्यावरची मींड, म्हणजे मनगटाच्या दाबाने स्वर वर चढवत नेण्याची ती क्रिया, नुसती सूचित होते, ऐकू येत नाही.

कारण जुनेच आणि प्रसिद्ध आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये बेल लॅब्जमध्ये दाखवले की आवाज जसजसा कमी करावा तसतसा आपला कान खालच्या स्वरांना मधल्या स्वरांपेक्षा अधिक वेगाने मुकतो. मोठ्या आवाजात समतोल वाटणारे ट्यूनिंग हलक्या आवाजात बेस हरवून बसते. हार्मन या ऑडिओ कंपनीच्या संशोधनातून आलेला पसंतीचा वक्र, म्हणजे बहुतेक श्रोत्यांना आवडणाऱ्या ट्यूनिंगचा आलेख, प्रसिद्ध आहे. त्याच संशोधनात त्या वक्राहून अधिक बेस आणि कमी बेस पसंत करणारे श्रोत्यांचे वेगळे गटही आढळले होते. मी मात्र दिवसा एका गटात आणि रात्री दुसऱ्या गटात असतो. 'शास्त्रीय संगीतासाठी न्यूट्रल घ्या' हा सल्ला मी स्वतः अनेकांना दिला आहे, आणि तो देताना समोरचा माणूस आवाज किती ठेवतो हे एकदाही विचारलेले नाही.

या महिन्यात एक किरकोळ संकटही आले. चौदा तारखेला उजव्या बाजूचा आवाज एकाएकी निम्म्यावर आला. पुण्याचा पाऊस, दमट हवा आणि घाम यांमुळे आयईएमच्या नळीच्या तोंडावरच्या जाळीत ओलावा धरला होता. टिप काढून ती जोडी रात्रभर सिलिका जेलच्या डबीत ठेवली आणि सकाळी दोन्ही बाजू सारख्या झाल्या. केबल बदलण्यापूर्वी किंवा वॉरंटीसाठी धावण्यापूर्वी पावसाळ्यात हा उपाय करून पाहावा.

ऑगस्ट

तिसरी जोडी झीरो टू. हीही सेव्हन हर्ट्झचीच, समीक्षक क्रिनॅकल यांच्या सहकार्याने २०२३ मध्ये आलेली. पहिल्या झीरोपेक्षा हिच्यात बेस भरीव आहे आणि तीन हजारांजवळची टेकडी जरा नरम. तुलना करताना एक काळजी घेतली : किंचित मोठा आवाज कानाला नेहमी 'चांगला' वाटतो, म्हणून एकाच आलापीवर दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा वाटेपर्यंत फोनवरच्या पायऱ्या जुळवल्या, त्यांचे आकडे लिहून ठेवले आणि नंतर त्याच आकड्यांवर ऐकले. बायकोने डोळ्यांआड जोड्या बदलून दिल्या. वजन आणि आकार सारखे असल्याने मला ओळखण्याची संधी कमी होती, तरी 'आंधळी चाचणी' म्हणण्याइतके ते काटेकोर नव्हते हे मान्य करतो.

रात्रीच्या आवाजात मी सहापैकी पाच वेळा झीरो टू निवडली. डग्ग्याची मींड परत आली, तंबोऱ्याच्या खर्जाला अंग आले आणि गायकाचा आवाज मागे गेला नाही. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. पहिल्या व्ही आकाराच्या जोडीतही बेस भरपूर होता, पण तो चढ वर दोन-तीनशे हर्ट्झपर्यंत पसरल्याने गायकाच्या छातीतील आवाजावर गिलावा चढवत होता. इथे चढ बऱ्याच अंशी त्याच्या खाली राहतो. बेस किती आहे यापेक्षा तो कुठून सुरू होतो, हे खयाल ऐकणाऱ्याने आधी पाहावे. उलट ३०-४० हर्ट्झवरचा खोल गडगडाट खयालात जवळजवळ नसतोच. तिथली उंची आपल्याला सभागृहाची घरघर आणि माइकला बसलेला धक्का एवढेच ऐकवते.

याच महिन्यात त्या पहिल्या जोडीला धनी मिळाला. माझा भाचा ढोल-ताशा पथकात आहे आणि सरावाला बसने जातो. त्याने तिन्ही जोड्या घरी ऐकल्या, झीरो टूला 'बरी' म्हटले, आणि मग तिन्ही बसमध्ये नेऊन ऐकल्या. परत आल्यावर म्हणाला, "मामा, तू टाकून दिलेलीच मला दे. बसमध्ये बाकीच्या दोन्हींत ढोल ऐकूच येत नाही." त्याचे बरोबर आहे. बसच्या इंजिनाची घरघर खालच्या पट्टीत असते आणि ती नेमकी बेसवरच पडदा टाकते. घरी असह्य वाटणारा बेस तिथे जेमतेम पुरतो, आणि उचललेल्या ट्रेबलमुळे गाण्याचे शब्द त्या गोंगाटावर तरंगतात. जोडी देताना टिप्सही नीट बसवून दिल्या, जेणेकरून बाहेरचा गोंगाट अडेल आणि त्याला आवाज चढवावा लागणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी मर्यादा सुचवली आहे. पथकाच्या सरावात त्याचा त्यातील बराच वाटा आधीच खर्ची पडतो, हे मी त्याला सांगितले आणि त्याने ते मामाचे नेहमीचे बोलणे म्हणून ऐकून घेतले.

सप्टेंबर

चौथी आणि या वर्षातली शेवटची जोडी मूनड्रॉप कंपनीची चू टू. पहिल्या चूची केबल निघत नसे, हिची निघते, आणि नळीच्या तोंडावरची जाळी बदलता येते. जुलैच्या अनुभवानंतर मला या दुसऱ्या गोष्टीचे मोल अधिक वाटले. १८ ओहमची असल्याने साध्या डोंगलवर (फोनला इअरफोन जोडण्याच्या छोट्या उपकरणावर) सहज वाजते. आवाजाने ती दोन्ही झीरोंच्या मध्ये कुठेतरी बसते, पण वरच्या भागात झीरो टूपेक्षा उजळ आहे. लावणीत हलगीची थाप आणि घुंगरू हिच्यावर सर्वांत जिवंत वाटतात. 'स' आणि 'श' काही ध्वनिमुद्रणांत टोचतात.

जुन्या नाट्यसंगीतावर मात्र चारही जोड्यांनी मला निराश केले, आणि त्यात त्यांचा दोष नाही. १९२५ च्या आधीच्या तबकड्या कर्ण्यात गाऊन, विजेशिवाय मुद्रित झालेल्या आहेत. त्यांत वरच्या पट्टीत गाणे जवळजवळ नाहीच, आहे ती सुईची खरखर. आयईएम जितका उजळ तितकी खरखर स्पष्ट. विजेवर मुद्रित झालेल्या पुढच्या काळातील तबकड्यांत परिस्थिती सुधारते, तरी पाच-सहा हजारांच्या वर मिळकत कमी आणि त्रास जास्त. इथे नवी जोडी घेण्यापेक्षा इक्वलायझर (एकेक पट्टी कमी-जास्त करण्याची सोय) कामाला आला. अँड्रॉइडवरील वेव्हलेट या ॲपमध्ये झीरो टूसाठी तीन वेगळी प्रीसेट (साठवलेल्या जुळण्या) करून ठेवली आहेत : रात्रीच्या खयालासाठी काहीच न बदललेले, दिवसाच्या मोठ्या आवाजासाठी १२५ हर्ट्झजवळ दोन डेसिबल उतरवलेले, आणि तबकड्यांसाठी चार हजारांपासून पुढे क्रमाने खाली नेलेले. तिसऱ्यात गाणाऱ्याचा श्वास थोडा हरवतो. खरखरीसोबत तो जातो आणि दोन्ही वेगळे कसे करावेत हे मला अजून साधलेले नाही.

सध्याची मांडणी अशी आहे. उशाशी झीरो टू, कामाच्या टेबलावर पहिली झीरो, आणि लावणी ऐकायची असेल तेव्हा चू टू. चारही मिळून साधारण आठ हजार रुपये गेले, म्हणजे एक बऱ्यापैकी महाग जोडी आली असती एवढे. परंतु त्या महाग जोडीने मी रात्री आवाज किती ठेवतो हे मला विचारले नसते. पुढच्या महिन्यात खरेदी बंद. तबकड्यांच्या प्रीसेटमध्ये चार हजारांऐवजी साडेपाच हजारांपासून उतार देऊन पाहायचा आहे, आणि डाव्या कानासाठी मोठ्या टिप्सचे आणखी एक पाकीट मागवायचे आहे, कारण त्या मापाची शेवटची टिप परवा सोफ्याच्या फटीत गेली.